गोवळकोंड्याची टाळी आणि माझ्या कानांचं माप



मुक्काम पोस्ट हैदराबाद. गोवळकोंड्याचा किल्ला पाहायला गेलं की गाईड सगळ्यात आधी एक गंमत दाखवतो. खाली फतेह दरवाज्याच्या घुमटाखाली ठरावीक जागी उभं राहून टाळी वाजवायची. ती वर बाला हिसारला, म्हणजे जवळजवळ एक किलोमीटरवर, स्वच्छ ऐकू येते. दरवाज्यावर कोण आलं याची वर्दी वर पोचवायची ही कुतुबशाहीतली सोय. ना तार, ना बॅटरी, ना कॉलसाइन. आम्हा फौजी लोकांना अशा गोष्टींचं कौतुक जरा जास्तच.

एका रविवारी आम्ही सहकुटुंब गेलो. सौ. आणि मुलगा खाली थांबले, मी आणि धाकटी मुलगी पायऱ्या चढून वर गेलो. फोनवरून सांगितलं, वाजवा टाळी. मुलगी लगेच उडी मारून म्हणाली, "बाबा, आली!" मी म्हटलं, "हो, आली." पुन्हा वाजवायला सांगितलं. पुन्हा तिला आली. मी पुन्हा मान हलवली.

खरं सांगायचं तर मला एकदाही आली नव्हती. वारा होता, माणसांचा गलका होता, तो मला नीट ऐकू येत होता. फक्त ती टाळी येत नव्हती. चौथ्या वेळी पोरीने माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता फोन माझ्या हातातून काढून घेतला. उतरताना ती माझ्या डाव्या बाजूला चालत होती, कारण उजव्या बाजूने बोललं की मी "काय?" म्हणतो हे घरात सगळ्यांना माहीत आहे. मलाच ते माहीत नव्हतं.

आजचा लेख त्या टाळीचा, आणि त्यानंतर मी माझ्या कानांचे साचे करून घेतले त्याचा. त्या निमित्ताने थोडं वाचन केलं. तोफखान्यात अख्खी नोकरी गेली, पण कानाचा इतिहास कधी वाचला नव्हता.

कापसाचा बोळा

मी भरती झालो तेव्हा गन पोझिशनवर कानात काय घालायचं, तर कापूस. तोही आठवण राहिली तर. आमचे उस्ताद म्हणायचे, "कान बंद तो ऑर्डर बंद." त्यात तथ्य होतं. गनवर नंबर वनचा हुकूम ऐकू आला नाही तर नुसतं काम बिघडत नाही, माणूस मरू शकतो. त्यामुळे एक बोट कानात आणि दुसरा कान हुकमासाठी उघडा, अशी आमची पद्धत. देवळालीला असो की महाजनच्या वाळूत, दिवसभर फायरिंग झालं की संध्याकाळी लंगरमध्ये सगळे ओरडून बोलायचे आणि रात्री तंबूत प्रत्येकाच्या कानात आपापला रातकिडा किर्र करायचा. सकाळपर्यंत तो थांबायचा. मग थांबायला दोन दिवस लागू लागले. मग तो थांबेनासा झाला. आम्ही त्याला मर्दानगीचा भाग समजायचो.

आकडे नंतर कळले. आवाज डेसिबलमध्ये मोजतात आणि ही मोजणी सरळ चढत नाही. दर ३ डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, १० डेसिबलला दहापट. उघड्या कानाने अचानक होणाऱ्या धमाक्यासाठी १४० डेसिबल ही वरची मर्यादा धरतात. १५५ मिलिमीटरच्या तोफेजवळ, दलातल्या माणसांच्या जागी, मोठ्या चार्जवर १७० डेसिबलच्या पुढचे आकडे मोजले गेले आहेत. म्हणजे मर्यादेच्या हजार पट ऊर्जा. आणि मध्ये काय, तर कापूस. कापसाने हवा अडत नाही. जिथून हवा जाते तिथून आवाज जातो.

ऑडिओग्राममधला खड्डा

किल्ल्यानंतरच्या आठवड्यात कान तपासले. बंद खोलीत हेडफोन लावून बसवतात, बारीक सूर ऐकवतात, ऐकू आला की बटण दाबायचं. मला वाटत होतं खोलीत बराच वेळ काहीच चालू नाही. चालू होतं.

कागदावर जी रेघ आली ती एका जागी दरीसारखी खाली गेली होती. ती जागा ४,००० हर्ट्झच्या आसपास. ऑडिओलॉजिस्ट मॅडम म्हणाल्या, "सूबेदार साहब, ये गड्ढा देखकर हम पहचान लेते हैं कि आदमी ने गोली-बारूद या मशीन के पास नौकरी की है." त्याचं कारण आपल्या कानाच्या घडणीत आहे. कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब. बासरीसारखी तीही ठरावीक सुरांना फुगवते, आणि ते सूर ३,००० हर्ट्झच्या आसपासचे. त्यामुळे मोठ्या आवाजाचा मार आतल्या शंखाच्या त्याच भागाच्या थोडा पुढे सगळ्यात जास्त बसतो. तिथल्या केशपेशी झडतात. जन्माला येताना एका कानात अशा सुमारे १५ हजार पेशी मिळतात आणि गेलेली पेशी माणसात परत उगवत नाही. इथे रिइन्फोर्समेंट नाही.

"त", "स", "फ" यांसारखी व्यंजनं याच वरच्या पट्टीत. म्हणून अशा माणसाला बोललेलं ऐकू येतं पण कळत नाही. टाळीचा कडकपणाही याच पट्टीत. गोवळकोंड्याचा कोडा मला तिथे सुटला.

मग मॅडमनी विचारलं, अजून आवाजात राहता का? मी गप्प बसलो. कारण मी राहत होतो. गावाकडे भजनी मंडळात पेटी वाजवायचो, त्या जोरावर युनिटच्या जॅझ बँडमध्ये की-बोर्डवर शिरलो होतो. बडाखाना, रेझिंग डे, अधिकाऱ्यांचे निरोप समारंभ, सगळीकडे. माझ्या डावीकडे ड्रम आणि समोर जमिनीवर तिरका ठेवलेला मॉनिटर, म्हणजे वादकाला स्वतःचं वादन ऐकू यावं म्हणून त्याच्याकडे तोंड केलेला स्पीकर. मला ऐकू कमी येई म्हणून मी तो वाढवायला सांगे. मी वाढवला की गिटारवाला त्याचा वाढवी. मग ड्रमवाला जोरात मारी. शत्रू नसताना चाललेला हा गोळीबार. मॅडम म्हणाल्या, स्टेज सोडा किंवा कानात मापाचे साचे घालून इन-इयर मॉनिटर वापरा. तिसरा रस्ता नाही.

तांबट, बॉयलरवाले आणि दर्यावर्दी

आवाजाने कान जातात हे माणसाला फार आधीपासून ठाऊक आहे. इटलीचा वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कारागिरांच्या रोगांवर लिहिताना व्हेनिसच्या तांबटांचं वर्णन केलं आहे. दिवसभर तांबं ठोकून ठोकून ते म्हातारपणी पार बहिरे होतात, असं तो सांगतो. पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी ज्यांनी भर दुपारी ऐकली आहे त्यांना हे वेगळं समजावायला नको.

आमच्या धंद्यातलं उदाहरण १७८२ चं. वेस्ट इंडिजजवळच्या सेंट्सच्या लढाईत ब्रिटिश ॲडमिरल रॉडनी याच्या फॉर्मिडेबल जहाजाने तोफांच्या सुमारे ऐंशी फैरी झाडल्या. त्यानंतर रॉडनी पंधरवडाभर जवळजवळ बहिरा झाल्याचं सांगतात. ॲडमिरलचे कान म्हणून त्याची नोंद तरी राहिली. खालच्या मजल्यावर तोफेला खेटून उभ्या असलेल्या गोलंदाजांचं काय झालं ते कुणी लिहिलं नाही.

खऱ्या अर्थाने मोजणी केली ती ग्लासगोच्या डॉक्टर थॉमस बार यांनी, १८८६ मध्ये. लोखंडी बॉयलरच्या आत बसून रिव्हेट ठोकणारे १०० कामगार, ओतकामाचे १०० आणि टपाल वाटणारे १०० यांचे कान त्यांनी तपासले. यंत्र कोणतं, तर खिशातलं घड्याळ. टिकटिक किती अंतरावरून ऐकू येते ते मोजायचं. बॉयलरवाल्या शंभरांत एकाचेही कान धड निघाले नाहीत. घड्याळाची टिकटिक म्हणजे बारीक, वरच्या पट्टीतला आवाज. थोडक्यात, बारसाहेबांनी त्यांना गोवळकोंड्याची टाळीच वाजवून दाखवली होती.

बूच आले, पण बसेनात

रोग कळला तरी उपाय सापडायला वेळ लागला, कारण त्यात दोन अडचणी होत्या आणि दोन्ही आमच्या उस्तादांच्या एका वाक्यात होत्या. आवाज अडवायचा, पण हुकूम अडवायचा नाही. आणि दुसरी, प्रत्येकाचा कान वेगळा.

पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये मॅलॉक-आर्मस्ट्राँग नावाचे कानाचे बूच निघाले. तोफेचा दणका दबेल पण बोलणं आत येईल, हा त्यामागचा विचार. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी नाही, पण शंभरहून अधिक वर्षांपूर्वी कुणीतरी नेमका प्रश्न ओळखला होता. तरी बहुतेक सैनिकांच्या वाट्याला कापूस आणि बोटंच आली.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने व्ही-५१ आर नावाचा मऊ बूच काढला आणि तो निरनिराळ्या मापांत बनवला. मोठी गोष्ट होती. बुटाला माप असतं तसं कानालाही असतं हे फौजेने मान्य केलं. पण बूट चुकीचा असला तर पाय बोंबलतो. बूच सैल असला तर कान बोंबलत नाही, उलट आरामात वाटतं. म्हणून माणूस सैल बूचच पसंत करतो. पुढे १९७० च्या दशकात पिवळ्या फोमचे बूच आले. चिमटीत वळून बारीक करायचे, कानात सारायचे, आत गेल्यावर ते फुगून नळी भरतात. स्वस्त आणि नीट घातले तर उत्तम. पण किती जण नीट घालतात? रेंजवर नजर टाका. निम्म्यांचे बूच कानाच्या तोंडाशी फुलासारखे खोचलेले दिसतील. ते शोभेचे.

कवळीचं तंत्र कानात

प्रत्येक कानाचा साचा घ्यायचं काम फौजेने नाही, बहिऱ्यांसाठी यंत्रं बनवणाऱ्यांनी सुरू केलं. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात विजेवर चालणारी श्रवणयंत्रं पसरू लागली. त्यांचा छोटा स्पीकर कानात घट्ट बसला नाही तर आवाज बाहेर गळतो, पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजते. ही शिट्टी बंद करायची तर कानाच्या आकाराचाच तुकडा हवा. हे तंत्र आधीपासून कुणाकडे होतं? दातांच्या कवळ्या करणाऱ्यांकडे. प्लॅस्टर ऑफ पॅरिसमध्ये ठसा घ्यायचा, त्यावरून साचा, आणि साच्यात कडक रबर. पुढे कवळीत ॲक्रिलिक आलं तसं कानातही आलं. ठशासाठी प्लॅस्टरची जागा सिलिकॉनने घेतली. आपल्याकडे म्हैसूरची अखिल भारतीय वाणी आणि श्रवण संस्था १९६५ ची आणि वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ ची. श्रवणयंत्राचे साचे करणारी माणसं या क्षेत्रातल्या शिक्षणातूनच देशभर गेली. मी ज्या मॅडमकडे गेलो त्याही याच विद्येच्या.

माझी पाळी

आधी दिवा लावून दोन्ही कान पाहिले. उजव्यात मळ होता, तो काढला. मळ असताना ठसा घेतला तर माप मळाचं येतं. मग दोरा बांधलेला स्पंजचा छोटा तुकडा नळीत सारला. कानाची नळी सरळ नसते, तिला दोन वळणं असतात. स्पंज दुसऱ्या वळणाच्या पुढे पोचवतात, म्हणजे सिलिकॉन पडद्यापर्यंत जाणार नाही आणि ठसा पुरेसा खोलही येईल. स्पंज आत सरकताच मला जोराचा खोकला आला. मॅडम म्हणाल्या, घाबरू नका, कानाच्या त्या भागात घशाकडची एक नस येते, पुष्कळांना खोकला येतो.

मग दोन रंगांचं सिलिकॉन कणकेसारखं एकत्र मळून पिचकारीत भरलं आणि कानात सोडलं. थंडगार. जग हळूहळू बंद होत गेलं, नदीत बुडी मारल्यासारखं. दातांत धरायला एक ठोकळा दिला आणि खुणेने सांगितलं, चार-पाच मिनिटं असंच.

इथे माझी चूक झाली. पहिल्या, डाव्या कानाच्या वेळी ठोकळ्याने जबडा दुखू लागला म्हणून मी तो मध्येच काढून तोंड मिटून बसलो. मॅडम पाठमोऱ्या होत्या. फौजी माणूस, तक्रार कशाला करायची! साचे पंधरा दिवसांनी आले. उजवा असा बसला की जणू तिथेच उगवला होता. डावा गप्प बसलो की ठीक, पण गाण्याचा मुखडा गुणगुणला की सटकन सैल. जबडा हलतो तेव्हा नळीचा आकारही बदलतो. तोंड उघडं ठेवून ठसा घेतात तो याचसाठी. मॅडमनी डावा साचा हातात फिरवून पाहिला आणि विचारलं, "मुँह बंद किया था ना?" गुन्हा कबूल केला. पुन्हा ठसा, पुन्हा पंधरा दिवस.

मी केलं ते स्वस्तातलं काम. इन-इयर मॉनिटर साधेच होते, ज्यांच्या टोकाला रबरी टोप्या येतात. घाम आला की त्या टोप्या घसरायच्या. त्या टोप्यांऐवजी माझ्या कानाच्या आकाराचे मऊ सिलिकॉनचे साचे, त्यांत मॉनिटरचं नळकांडं बसतं. दुसरा प्रकार म्हणजे ॲक्रिलिकचं अख्खं कवच, आत स्पीकर कायमचे बसवलेले. तो मोठ्या कलाकारांचा, आणि खर्चही तसाच.

वादकांनी सोडवलेलं कोडं

स्टेजवर माणसाला स्वतःला ऐकू येणं ही अडचण नवीन. १५ ऑगस्ट १९६५ ला न्यूयॉर्कच्या शिया स्टेडियममध्ये बीटल्स वाजवायला उभे राहिले तेव्हा समोर ५५ हजारांवर लोक होते आणि किंकाळ्यांमुळे त्या चौघांना आपलंच वादन ऐकू येत नव्हतं. त्यानंतरच्या काळात वादकाकडे तोंड केलेले मॉनिटर स्पीकर रूढ झाले. आवाजावर तोड म्हणून अजून आवाज. त्याचा शेवट काय होतो ते माझ्या जॅझ बँडने तुम्हाला सांगितलं आहेच.

दोन माणसांनी वाट बदलली. पहिले अमेरिकेचे मीड किलियन. साध्या बुचाची खोड अशी की तो बारीक आवाज जास्त अडवतो आणि जाड आवाज कमी. त्यामुळे संगीत आणि बोलणं दोन्ही गोधडीखालून आल्यासारखं वाटतं, आणि माणूस बूच काढून टाकतो. किलियन यांच्या एटिमॉटिक कंपनीने १९८८ मध्ये कानाच्या मापाच्या साच्यात बसणारी एक गाळणी काढली. ती सगळ्या पट्ट्यांतले आवाज साधारण सारखेच, १५ डेसिबलने, खाली आणते. आवाजाचा चेहरा तोच, फक्त लांब गेलेला.

दुसरे जेरी हार्वी, व्हॅन हेलन या रॉक बँडचे ध्वनितंत्रज्ञ. त्यांच्या ड्रमवाल्याची, ॲलेक्स व्हॅन हेलनची, तक्रार माझीच होती: स्टेजवरच्या गोंगाटात हवं ते ऐकू येत नाही. हार्वींनी त्याच्यासाठी कानाच्या साच्यात बसणारे स्पीकर बनवले आणि त्यातून १९९५ मध्ये अल्टिमेट इयर्स ही कंपनी उभी राहिली. कानात स्पीकर घालून गायचे प्रयोग त्याआधीही झाले होते. पण साचा आणि स्पीकर यांची ही जोडी त्यानंतर जगभर गेली. आज आपल्याकडच्या मोठ्या मैफिलीत गायकाच्या कानात जे दिसतं ते तेच.

सगळा खेळ साच्याच्या घट्टपणाचा. बाहेरचा आवाज आधी अडला, म्हणून आतला आवाज कमी ठेवून भागतं. घट्ट साच्याने साधारण २५ डेसिबल अडतात. साचा सैल असला तर दोन गोष्टी होतात. जाड आवाज, म्हणजे बेस, गळून जातो, आणि ती भूक भागवायला माणूस व्हॉल्यूम चढवतो. मग कानाच्या पडद्याला चिकटून ठेवलेला स्पीकर हीच तोफ. हे नीट लक्षात ठेवा: इन-इयर मॉनिटर आपोआप कान वाचवत नाही. कान वाचवतो तो व्हॉल्यूम खाली करणारा अंगठा.

पहिल्या दिवशी मला ते काढून फेकावेसे वाटले. स्वतःचा आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा घुमत होता. टाळ्या ऐकू येत नव्हत्या, लोक हसले की नाही कळत नव्हतं, शेजारचा काही बोलला की मी पुन्हा "काय?" पण तिसऱ्या सरावाला मी ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्या जवानाला खूण केली: कमी कर. त्याला वाटलं मी चुकून सांगतोय. पुन्हा खूण केली, अजून कमी. बँडमध्ये आल्यापासून मी पहिल्यांदाच आवाज कमी करायला सांगत होतो. माझा समोरचा स्पीकर बंद झाला, तसा गिटारवाल्यानेही आपला उतरवला. त्या रात्री माझा रातकिडा नेहमीइतकाच वाजला. जास्त नाही. एवढीच कमाई, आणि ती मला मोठी वाटली.

आपल्या लोकांसाठी

साच्याची बारीकसारीक गोष्ट किती महाग पडते याचं उदाहरण अलीकडचं आहे. अमेरिकी फौजेत वापरलेल्या दुतोंडी बुचांवरून लाखो सैनिकांनी थ्रीएम कंपनीवर दावे केले. मुख्य तक्रार अशी की बूच आखूड असल्याने कानात नीट बसत नाही आणि नकळत सैल होतो. ऑगस्ट २०२३ मध्ये कंपनीने दोष कबूल न करता सुमारे ६ अब्ज डॉलरची तडजोड केली. तिकडे माजी सैनिकांच्या सेवाजन्य अपंगत्वात कानात आवाज वाजत राहणं हीच तक्रार सगळ्यात जास्त नोंदवली जाते. तोफ कुठल्याही देशाची असो, कान तोच.

आता उस्तादांच्या वाक्याकडे येतो. "कान बंद तो ऑर्डर बंद" हे त्यांच्या काळात खरं होतं. त्यांच्या हातात फक्त कापूस होता. आज बूच, त्यावर कानटोप, आणि आत संदेश ऐकवणारा स्पीकर, असे तिन्ही एकत्र मिळू शकतात. हेलिकॉप्टरच्या आणि रणगाड्याच्या कामात कानातला हुकूम आणि कानावरचं संरक्षण यांची सांगड जगभर घातली गेली आहे. वादकाला आणि गोलंदाजाला एकच गोष्ट हवी असते: गोंगाट बाहेर, कामाचं आत. हे होत नव्हतं तोवर आम्ही कान देऊन हुकूम ऐकला. त्याचा मला पश्चात्ताप नाही. पण जे आता होतं ते न वापरणं ही बहादुरी नाही, हे मी माझ्या पोरांना, म्हणजे गनवरच्या पोरांना, रोज सांगतो.

निवृत्त मंडळींना तीन गोष्टी सांगायच्या आहेत. घरातली माणसं "टीव्ही कमी करा" म्हणतात ना, त्यांच्यावर चिडू नका, कान तपासून घ्या. कानात सतत वाजत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा आणि कागदावर येऊ द्या. आणि श्रवणयंत्र असो, बूच असो की मॉनिटर, साचा घेताना तोंड उघडं ठेवायला सांगितलं असेल तर उघडं ठेवा. काही वर्षांनी साचा सैल झाला तर नवा घ्या. वजन बदलतं, वय होतं, कानही बदलतो. आमच्या भागातले ढोल-ताशा पथकातले तरुण हा लेख वाचत असतील तर त्यांनाही हेच. पंधरा दिवसांच्या सरावात कान जातो तो पुढच्या गणपतीत परत येत नाही.

साचे आल्यावर पुन्हा गोवळकोंड्याला गेलो का? गेलो. टाळी ऐकू येईल अशी आशा नव्हती. साचा पुढचं नुकसान थांबवतो, गेलेलं आणत नाही. पण या वेळी मी वर चढलो नाही. फतेह दरवाज्याखाली थांबलो आणि पोरीला भावाबरोबर वर पाठवलं. गाईडने दाखवलेल्या जागी उभा राहून टाळी वाजवली. जरा वेळाने फोन आला. डाव्या कानाला लावला.

"बाबा, आली."

या वेळी मी खोटं न बोलता "हो" म्हणालो.

जय हिंद.